सहावं पान पालकांसाठी

५ जून, गुरुवार

सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ; इथे दक्षिण गोलार्धात जून म्हणजे हिवाळा. खरवडण्यात दहा मिनिटं गेली, कामावर उशीर.

घरी आलो तर टपालपेटीत सरकारी पाकीट. विद्यार्थी भत्त्याच्या ऑफिसचं. ‘मुक्ता सुधीर पिंगळे हिच्या पालकांना.’ पोरगी घरातून जाऊन दहा आठवडे होतील आणि तिच्या नावात मी आहेच, मधोमध. इथे त्याला मिडल नेम म्हणतात. ऑफिसातल्या बाईला कळणारही नाही की सुधीर म्हणजे तिचा बाप, आणि अर्ज त्याच्याच विरुद्ध आहे.

अर्ज असा, की मला आईवडिलांपासून वेगळी धरा. चोवीस वर्षांखालचं मूल भत्त्याच्या हिशेबात आईबापावर अवलंबून. आमच्या दोघांची कमाई धरली तर मु.ला नावापुरतंच मिळतं. एकटी धरली तर पूर्ण, वर भाड्याला मदत. त्यासाठी घराशी संबंध तुटलेत आणि परत जाण्यासारखी परिस्थिती नाही, हे सिद्ध करायचं. सहावं पान पालकांनी भरायचं.

त्या पानाच्या डोक्यावर तिच्या हातची एक खूण आहे. पालकांशी संपर्क साधणं सुरक्षित आहे का? हो.

बायको, रूपाली, साडेपाचला वृद्धांच्या रेस्ट होममधल्या ड्यूटीवरून आली. नवीन कुलूप अजून अडकतं, किल्ली दोनदा फिरवावी लागते. पत्र आज दाखवलं नाही.

६ जून, शुक्रवार

दाखवलं. रू.ने उभ्याउभ्याच वाचलं. “भरून टाका,” म्हणाली. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं.

दर शनिवारी ‘जरा मॉलमध्ये जाऊन येते’ म्हणून ती मु.च्या फ्लॅटवर रिकार्टनला डबा घेऊन जाते. मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. दोघांच्या घरात बारा पोळ्या कशाला लागतात, एवढं मला कळतं. कोणी काही बोलत नाही. झाकली मूठ.

म्हटलं, संबंध तुटले म्हणून सरकारला लिहून द्यायचं? पाडव्याला बोलाचाली झाली, जरा हात लागला. कोणाच्या घरात होत नाही?

“हात लागला?” रू. एवढंच म्हणाली आणि भांडी लावायला गेली.

८ जून, रविवार

पान भरलं. आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. अक्षर अजून चांगलं आहे माझं. इंग्रजीत जे लिहिलं ते मराठीत असं:

‘आमची मुलगी गुणी आणि अभ्यासू आहे. तिच्यासाठी आमच्या घराचं दार सदैव उघडं आहे. तिला दर आठवड्याला घरचं जेवण दिलं जातं. आमच्या संस्कृतीत मुलं मार्गी लागेपर्यंत आईवडील त्यांना आधार देतात.’

वाचून बरं वाटलं. आपल्याकडे कुठल्याही अर्जाला वडिलांचे चार चांगले शब्द जोडले की वजन येतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ होतं, त्यावर नाशिकला आयटीआयमध्ये प्रवेश मिळाला होता. पोरगी रागावली असेल, पण बापाने तिच्याबद्दल वावगं लिहिलं नाही हे तिला दिसेल. आणि आईबापाने टाकलेली मुलगी, अशी नोंद कुठल्या कॉम्प्युटरमध्ये जायला नको. उद्या लग्नाचं निघालं तर?

रू.ने विचारलं, “खरं लिहिलंत ना?”

“वाईट काहीच लिहिलं नाही,” म्हटलं. तिने वाचायला मागितलं नाही. मी दिलंही नाही.

१० जून, मंगळवार

पाकीट टाकलं. कारखान्यात आज मोठी ऑर्डर, रोलस्टनच्या नव्या घरांची. दिवसभर ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि दारं. पाठ गेली कामातून.

२० जून, शुक्रवार

मातारिकीची, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या नववर्षाची सुट्टी. मराठी मंडळाचं दुपारचं जेवण, नेहमीच्या हॉलमध्ये, प्रत्येकाने एकेक पदार्थ. आम्ही मसालेभात नेला. वैद्य वहिनींनी विचारलं, “मुक्ता दिसत नाही?” रू. काही बोलायच्या आत मीच म्हणालो, परीक्षा आहे, तिथेच मैत्रिणींबरोबर राहते, सोयीचं पडतं. “बरोबर आहे, आता मोठी झाली,” म्हणाल्या.

परतताना गाडीत रू. म्हणाली, “तुम्हाला किती पटकन सुचतं हो.”

हे कौतुक नव्हतं.

२ जुलै, बुधवार

दुपारी ब्रेकमध्ये फोन वाजला. मु. तीन महिन्यांनी. हातातला चहा तसाच ठेवून बाहेर आलो, ट्रक उभे राहतात तिथे.

हॅलो वगैरे नाही. “बाबा, डिक्लाइन झालं.”

मला आधी समजलंच नाही. मग तिने पत्रातलं वाचून दाखवलं. पालकांच्या निवेदनानुसार विद्यार्थिनीला घरी परतण्याची मोकळीक आहे, तिला नियमित आधार मिळतो, सबब तिला स्वतंत्र धरता येत नाही. मधे माझी वाक्यं होती, जशीच्या तशी. माझं इंग्रजी तिच्या तोंडून ऐकताना इतकं खोटं वाटलं की थांब म्हणावंसं वाटलं.

“डोअर इज ऑल्वेज ओपन,” ती म्हणाली. “कुठलं डोअर, बाबा? तू लॉक चेंज केलंस. आय स्टुड देअर विथ माय की. माझे स्विमिंगचे टॉग्स आणि लॅपटॉप घ्यायला आले होते, आई कामावर होती.”

मी म्हटलं, तुझं चांगलं व्हावं म्हणून लिहिलं.

“यू ॲक्च्युअली थिंक दॅट,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कुलुपाचं खरं आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यातून कुलपाचा नवा सिलिंडर, किल्ली फिरते तो गाभा, आणला आणि स्वतः बसवला. दारं बनवणारा माणूस मी, पंधरा मिनिटांचं काम. सहावं पान लिहिताना हे आठवलं नाही असं इथे लिहिणार होतो. पण आठवलं होतं. दार उघडं आहे म्हणजे मनाचं, अशी स्वतःची समजूत घातली होती.

५ जुलै, शनिवार

रू. आज लपवाछपवी न करता डबा घेऊन गेली. आली ती डोळे सुजलेली. मु. दुसरं सत्र सोडायचं म्हणतेय. राहण्याखाण्यासाठीचं विद्यार्थी कर्ज आधीच घेते, ते सगळं भाड्यात जातं. सुपरमार्केटच्या शिफ्ट वाढवल्यात, मग लेक्चर बुडतात. मागच्या महिन्यात एक असाइनमेंट दिलीच नाही. शाळेत शिकवायचं तिच्या मनात सात वर्षांची असल्यापासून आहे. बाहुल्यांची हजेरी घ्यायची, ‘किया ओरा क्लास’, म्हणजे नमस्कार मुलांनो, म्हणून.

म्हटलं, मग घरी यायला सांग. भाडं नाही, काही नाही.

रू. म्हणाली, “अहो, ती तुम्हाला घाबरते. मीही घाबरते. आता तरी ऐका एकदा.”

एकोणीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा. मी उठून गॅरेजमध्ये गेलो. राग आला होता, दार आपटलं. मग लक्षात आलं की आपटलं.

६ जुलै, रविवार

पाडव्याचं लिहून काढतो. आतापर्यंत ह्या वहीत टाळलं. ३० मार्चच्या पानावर फक्त ‘श्रीखंड बरं झालं होतं’ एवढंच आहे, आत्ता उलटून पाहिलं.

गुढी डेकवर उभारली होती. वाऱ्याने दोनदा पडली. रू.ने काठी नीट बांधली नाही म्हणून मी तिला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, आईबापापर्यंत गेलो. मु. मधे येऊन उभी राहिली. “आईशी असं बोलायचं नाही.” शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर कदाचित मीही ओरडून मोकळा झालो असतो.

मारलं. उजव्या हाताने, जोरात, डाव्या कानावर. ती कठड्यावर आदळली. हात लागला नाही, मारलं.

कानातून थोडं रक्त आलं. रू. तिला दवाखान्यात घेऊन गेली. पडदा फाटला होता. तिथे कागदावर ‘नेटबॉल लागला’ असं आहे. मला रू.ने हे घरी आल्यावर सांगितलं, आणि मला हायसं वाटलं. पोरीच्या कानाचा पडदा फाटला आणि मला हायसं वाटलं. हे लिहून ठेवतो.

मु. त्याच संध्याकाळी बॅग घेऊन मैत्रिणीकडे गेली.

१५ जुलै, मंगळवार

टॅक्स ऑफिसचं पत्र. कुटुंबासाठीची सवलत, म्हणजे मुलापोटी मिळणारे पैसे, चालू आहे, मुलाची माहिती बरोबर आहे का तपासा, बदल असल्यास कळवा. एप्रिलमध्ये मी ऑनलाइन भरलं होतं: मूल तुमच्याकडे राहतं का? हो. तुमच्यावर अवलंबून आहे का? हो. तेव्हा तिला जाऊन आठवडा झाला होता. मनात पाप नव्हतं, खरंच. मुलगी लग्न होईपर्यंत घरचीच, हा आमच्याकडचा हिशेब. त्यांचा हिशेब कोण कुठे झोपतं, कोण कोणाचं खातं असा असतो.

पण पैसे दर पंधरवड्याला खात्यात येत राहिले, तेही तिच्या नावाचे. ती सुपरमार्केटात उभी आणि तिच्या नावाचे पैसे इकडे माझ्याकडे.

रू.ला पत्र दाखवलं. म्हणाली, “कळवा आणि काय मागतील ते परत करा.” मग थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, “नेटबॉल मीच म्हणायला सांगितलं तिला. तिथली नर्स दोनदा विचारत होती, मुक्ता माझ्याकडे बघत होती. मीच मान हलवली.”

तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी मी चिरली. तिने चिरू दिली.

१९ जुलै, शनिवार

रू. डबा घेऊन गेल्यावर मीही निघालो, मागोमाग नाही, मु.च्या सुपरमार्केटला. तिची शिफ्ट दुपारी एकला असते हे रू.च्या बोलण्यात आलं होतं. दुधाच्या फ्रिजजवळ उभा राहिलो, तिथून काउंटर दिसतो.

बारीक झालीय. केस कापलेत. एक म्हातारे गृहस्थ तिच्या डाव्या बाजूने काहीतरी विचारत होते. तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग ती अख्खी वळली, उजवा कान पुढे करून, आणि हसली. “सॉरी, से दॅट अगेन?” असं म्हणाली असावी. इतक्या सवयीने वळली की किती वेळा वळत असेल कळलं.

भेटलो नाही. रिकाम्या हाताने बाहेर पडलो. गाडीत बसून रडलो. पार्किंगमध्ये ट्रॉल्या गोळा करणाऱ्या बाईने वाकून विचारलं, ठीक आहात ना. हो म्हटलं, नेहमीसारखं.

२४ जुलै, गुरुवार

अर्धी सुट्टी घेऊन दोन फोन केले.

टॅक्स ऑफिस. बाई चांगली होती. “मुलगी तुमच्याकडे राहायची कधी थांबली?” तीस मार्च. “आता तिचा सांभाळ तुम्ही करता का?” नाही म्हणालो. तिने टाइप केलं, की-बोर्डचा आवाज आला. जास्त आलेलं परत करावं लागेल, पत्र येईल. बरं.

भत्त्याचं ऑफिस. मुलीच्या अर्जाबद्दल ते मला काही सांगू शकत नाहीत. पण मी दिलेलं निवेदन चुकीचं असेल तर मी ते दुरुस्त करून देऊ शकतो, आणि तिने फेरविचार मागितला तर ते त्यात धरतील. निकाल काय लागेल हे सांगता येणार नाही. “काय चुकीचं होतं?” तिथल्या माणसाने विचारलं. म्हटलं, बरंच.

रू.ने मु.ला कळवलं. उत्तर आलं: ‘ओके. रिव्ह्यू टाकते. बट आय डोंट वॉन्ट हिम टू राइट नाइस थिंग्ज.’

रू.ने फोन माझ्यापुढे धरला. दोनदा वाचलं.

२८ जुलै, सोमवार

माझ्या शेजारच्या टेबलावर हेमी काच बसवतो. नातवंडं आहेत त्याला, कारखान्यात सगळ्यात जुना. जेवणाच्या सुट्टीत त्याला म्हटलं, एका कागदात इंग्रजी शब्द अडलाय. स्लॅप लिहू का हिट?

“कोणी कोणाला?”

“मी. माझ्या मुलीला.”

त्याने सँडविच खाली ठेवलं. “डॉक्टरकडे न्यावं लागलं?”

“हो.”

“मग हिट लिही, ब्रो.” पुढे काही विचारलं नाही, उपदेशही केला नाही. पण दुपारभर एरवीसारखा गाणं म्हणत नव्हता. संध्याकाळी निघताना म्हणाला, “लिही मात्र नक्की.”

दुपारच्या चहाला तो आज दुसऱ्या टेबलावर बसला होता. आता हे असंच होणार. मंडळातही कळेल कधीतरी.

३ ऑगस्ट, रविवार

सहावं पान, पुन्हा. मु.चा नवा अर्ज रू. काल घेऊन आली. डोक्यावरचा चौकोन बघितला. पालकांशी संपर्क साधणं सुरक्षित आहे का? यावेळी खूण ‘नाही’वर. खाली तिने लिहिलंय, ‘फक्त आईमार्फत.’

बरोबर आहे. जूनमध्ये तिने माझ्यावर एकदा विश्वास टाकून पाहिला होता, आणि मी तिला वर्तणुकीचा दाखला पाठवला.

चार कागद फाडले. पहिल्यात मी किती कष्टाने इथे आलो ते आलं. दुसऱ्यात कामाचा ताण. तिसऱ्यात माझे वडील आणि त्यांचा पट्टा. हे सगळं खरं आहे, पण त्या ऑफिसला त्याच्याशी काय करायचं? मु.लाही काय करायचं? चौथ्यात ‘एकदाच’ असं लिहिलं. रू. शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. न बघता म्हणाली, “एकदाच नाही. दहावीतलं आठवा.” आठवलं.

शेवटी हे राहिलं: मी माझ्या मुलीला मारलं, तिच्या डाव्या कानाला इजा झाली. याआधीही एकदा मारलं होतं. दवाखान्यात दिलेलं कारण खोटं होतं. दुसऱ्या दिवशी मी घराचं कुलूप बदललं. माझं आधीचं निवेदन खरं नव्हतं. डबा तिची आई देते, मी नाही.

मग शेवटचा प्रश्न. विद्यार्थिनी घरी का राहू शकत नाही? तीन रेघा सोडल्या होत्या उत्तराला. एकच लागली.

कारण त्या घरात मी राहतो.

सही केली. रू.ने पूर्ण पान वाचलं, यावेळी मागून घेतलं. खाली साक्षीदार म्हणून तिनेही सही केली.

५ ऑगस्ट, मंगळवार

पान गेलं. कारखान्यात कुलपाचा जुना सिलिंडर खणात होता, फेकला नव्हता. घरी आणला, दारात परत बसवला. आता मु.कडची किल्ली चालेल. रू.ला फोनवर सांगून ठेवलं होतं; ड्यूटीवरून आली, जुन्या किल्लीने उघडलं, एकदाच फिरवली. म्हणाली, “कुलूप बदललं म्हणून ती येईल असं नाही.”

माहीत आहे. आणि तिच्याच पानावर मी लिहून दिलंय की तिने येऊ नये.

रू. पुढे म्हणाली, “रेस्ट होमच्या मॅनेजरने एका ग्रुपचा पत्ता दिलाय. घरात हात उचलणाऱ्या पुरुषांसाठी आहे, गुरुवारी असतो. माझं सांगून झालं.” कागद फ्रिजवर लावून ठेवलाय. अजून तिथेच आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

भत्त्याचं काही कळलं नाही. सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेत, मु. लेक्चरला जाते पण फीचं पक्कं नाही, सोडायचं का ते महिनाअखेर ठरवणार. टॅक्सवाल्यांचं पत्र आलं, हप्त्याने फेडायचं.

सकाळी रू.च्या फोनवर मु.चा मेसेज. माझ्या सहाव्या पानाची एक कॉपी हवी आहे. सही केलेली. कशाला ते लिहिलेलं नाही.

रू.ने माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं असणार. असा कागद भत्त्याच्या ऑफिसला चालतो, तसा पोलिसांनाही चालतो. किंवा तिला नुसताच स्वतःजवळ ठेवायचा असेल. विचारू का, असं रू. म्हणाली. नको म्हटलं. तिने विचारलं नव्हतं तेव्हा मी नको ते भरभरून लिहिलं. आता ती मागतेय तेवढं द्यायचं.

पाठवण्याआधी काढलेल्या फोटोवरून लायब्ररीत जाऊन कॉपी काढली. कॉपीतली सही फिकट आली, म्हणून खाली पेनाने पुन्हा केली, तारीख घातली.

आज पोळ्या मी लाटल्या. वाकड्या झाल्या. रू.ने कागद दुमडून पिशवीत तळाशी ठेवला, वर डबा, आणि गेली.